माईंचं गराज

रोज दुपारी तीन वाजता आमच्या समोरच्या घराचं गराजचं दार घरघरत वर जायचं आणि आत, जिथे गाडी असायला हवी तिथे, एक म्हातारी बसलेली दिसायची. घडीची खुर्ची, अंगात सुती पातळ, त्यावर मुलाचा जुना पार्का कोट, पायात लोकरीचे मोजे आणि मोज्यांसकट घातलेल्या अंगठ्याच्या चपला. मांडीवर ताट, ताटात निवडायला काहीतरी. मुलाची गाडी बाहेर ड्राइव्हवेवर, हिवाळ्यात बर्फाखाली. गाडी उघड्यावर आणि आई गराजमध्ये, असं घर अख्ख्या मिशिगनमध्ये एकच असावं.

ह्या माई. मूळच्या कराडच्या. त्यांचा मुलगा श्रीधर इथे नोव्हाय गावी गाड्यांच्या कंपनीत दारांची कुलुपं डिझाइन करायचा. दार एका बोटाच्या धक्क्यानं पक्कं बंद कसं व्हावं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आणि आईला बंद दाराचं वावडं होतं. "तुमच्या ह्या अमेरिकेत घराला ओटा नाही," त्या म्हणायच्या. "ओटा नाही म्हणजे बसायचं कुठे? आणि माणसानं बसायचंच नाही तर माणसं दिसायची कशी?" पुढचं दार उघडं ठेवलं तर हीटरचं बिल वाढतं, असं श्रीधरनं त्यांना पटवून दिलं होतं. गराजला हीटर नव्हता. माईंनी तेवढी फट बरोब्बर शोधली आणि गराजचा ओटा केला.

आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा नितीन, २००२ साली समोर राहायला आलो. ट्रकमधून सामान उतरवत होतो तेवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला, "अगं ए, मराठी का? जेवलात का?" मी थक्क. नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "पोळपाट काखेत मारून उतरलीस. दुसरं कोण असं करतं?" मी ठाण्याची आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नाव कायमचं बाजूला ठेवलं आणि मला 'ठाणेकरीण' म्हणायला लागल्या. त्यात कौतुक फारसं नव्हतं. ठाण्याची माणसं दारात चप्पल दिसली तरी 'कोण आहे' असं आतूनच विचारतात, असं त्यांचं मत होतं. कुठल्या ठाणेकरानं त्यांचं काय घोडं मारलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं पहिल्या दिवसापासून भांडण होतं. त्या गराजातून ओरडून माझ्या भाजीत मीठ किती पडलं ते विचारायच्या, मी ड्राइव्हवेवरून ओरडून त्यांना कुजबुजायला शिका म्हणून सांगायची. गवारीच्या शेंगा कशा मोडाव्यात यावरून आम्ही आठवडाभर बोललो नव्हतो. म्हणजे मी बोलले नव्हते. त्या बोलतच होत्या.

त्यांचं इंग्रजी चार वाक्यांचं होतं, पण ती चार वाक्यं त्यांनी तलवारीसारखी चालवली. पहिलं, "यू ईट?" हे कोणालाही, कुत्रा फिरवणाऱ्यालाही. दुसरं, "मदर व्हेअर?" तिसरं, "सिट." चौथं, "व्हाय गो?" पोस्टाची गाडी चालवणारा डॅरेल हा पहिला बळी. सहा फूट उंच, दंड माझ्या मांडीएवढे. त्याचं काम पत्रं पेटीत टाकून पुढे जाण्याचं. माईंनी त्याला आधी चकली दाखवली, मग "मदर व्हेअर?" विचारलं. त्याची आई डेट्रॉइटमध्ये होती आणि तो तिला महिनोन्‌महिने भेटला नव्हता, हे माईंनी त्या चार वाक्यांत काढून घेतलं. मला त्याचं आडनावही माहीत नव्हतं. पुढे रविवारी आईला भेटून आल्याशिवाय त्याला सोमवारी चकली मिळायची नाही. त्या बाबतीत माईंशी खोटं बोलायची त्याची छाती नव्हती.

मी एकदा म्हटलं, "माई, कशाला ह्या लोकांच्या मागे लागता? त्यांना आवडत नाही असलं."

"चार माणसं जोडून ठेवावी लागतात गं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? उद्या मला न्यायला चार माणसं नकोत का? खांदा कोण देणार, तुझा तो डिशवॉशर?"

मी त्यांना समजावून सांगितलं की इथे खांदाबिंदा काही नसतो. इथे सगळं चाकांवर असतं. शवपेटी चाकाच्या गाड्यावरून नेतात, गाडा मोठ्या काळ्या गाडीत चढवतात, गाडी निघून जाते. कोणालाही काही उचलावं लागत नाही. सोय म्हणून मी हे फार उत्साहानं सांगितलं. माईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना तुमचं प्रेत कचऱ्याच्या डब्यातून नेणार असंच सांगितलं असावं. कचऱ्याच्या डब्यांनाही इथे चाकं असतात, हे त्यांनी दर मंगळवारी पाहिलेलं होतं.

"चाकांवरनं मी जाणार नाही," त्या म्हणाल्या आणि ताटातले तांदूळ निवडायला लागल्या.

तेव्हापासून हा एकच धोशा. कोणी नवा माणूस गराजपाशी थांबला, की तो गेल्यावर त्या त्याची उंची, दंड आणि चाल यांवर शेरा मारायच्या. "हा बरा आहे. पण डावीकडे कलतो." नितीनला त्यांनी नापास केलं होतं, कारण त्याला पाठदुखी. "कोपऱ्यावर धरेल फार तर," म्हणायच्या. श्रीधर बिचारा ह्यानं कावून जायचा. "आई, प्लीज, असं बोलू नकोस ना यार," असं तो आईला म्हणायचा. आईला यार म्हणणारा मुलगा त्यांनी कसा खपवून घेतला, कोण जाणे. त्याचं लग्न दीड-दोन वर्षांत मोडलेलं. बायको कॅलिफोर्नियाला निघून गेली. भाऊबहीण नाही. ऑफिसातून आला की गाडीतून उतरायच्या आत फोन कानाला. त्याच्याशी गल्लीत कोणाची ओळख नव्हती. ओळख होती ती 'माईचा मुलगा' एवढीच.

मराठी मंडळाचंही सांगायला हवं. गणपतीला हॉलमध्ये चारशे माणसं, प्रत्येकजण वाकून माईंच्या पाया पडायचा. "माई, एकदा निवांत येतो हं गराजला. ऐकलंय आम्ही." प्रत्येकाच्या घरी त्यांच्या हातचं गोड्या मसाल्याचं पाकीट पोचलेलं. पण निवांतपणा कोणाला कधी सापडला नाही. इथे निवांत व्हायला आधी कॅलेंडर लागतं, आणि आमच्या लोकांची कॅलेंडरं पोरांच्या सॉकरनं भरलेली. "निवांत म्हणजे कधी?" माई परतीच्या वाटेवर गाडीत म्हणायच्या. "मी गेल्यावर? तेव्हा मी घरी नसेन म्हणावं."

आता बार्बरा. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, असोसिएशनची ती अध्यक्ष. कोणाचं गवत किती वाढलं, मेलबॉक्सचा रंग नियमातला आहे की नाही, यावर तिचा डोळा. तिची पहिली नोटीस श्रीधरला आली: गराजचं दार गाडी आतबाहेर करण्यापुरतंच उघडावं. त्यानं ती आईला मराठीत वाचून दाखवली. माई म्हणाल्या, "मग त्यात काय? तू अधूनमधून गाडी आतबाहेर करत जा." दुसऱ्या नोटिशीला म्हणाल्या, "बाईला इथे पाठवून दे. कागद काय पाठवते, मी काय परगावी आहे?" श्रीधर घाबरला. त्याला नोकरीत कुलुपं चालायची, भांडणं चालायची नाहीत.

तेवढ्यात वसंत ऋतू आला आणि बार्बराच्या ड्राइव्हवेवर एका शनिवारी सकाळी घरातलं सगळं सामान बाहेर मांडलेलं माईंना दिसलं. खुर्च्या, बश्या, चादरी, नवऱ्याचे कोट, नवऱ्याचे बूट. मधोमध बार्बरा एकटीच बसलेली, डोळ्यांना काळा चष्मा. गराज सेल म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकणं, हे माईंना कोणी सांगितलं नव्हतं. माणसाचे बूट अंगणात निघाले म्हणजे माणूस गेला, हा साधा हिशोब. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं जेवण न्यायचं असतं. अर्ध्या तासात माई डोक्यावरून पदर घेऊन, पिठलं-भाताचा डबा घेऊन रस्ता ओलांडताना मला दिसल्या.

मी धावेपर्यंत उशीर झाला होता. माई बार्बराच्या शेजारी बसल्या होत्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "सॉरी. व्हेरी सॉरी. गुड मॅन. व्हेरी गुड मॅन." बार्बरा ताठ झाली होती. गिऱ्हाइकं हातातल्या बश्या धरून बघत होती. आणि त्याच क्षणी बार्बराचा नवरा हाफ पँटीत, हातात जुना टोस्टर घेऊन घरातून बाहेर आला.

"अगं बाई!" माई किंचाळल्या. मग त्यांना इतका आनंद झाला, की त्या उठून त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून मोकळ्या झाल्या. त्या माणसानं टोस्टर खाली ठेवला. मी मध्ये पडून सगळं समजावलं. आमच्याकडे कोणी गेलं की शेजारी जेवण नेतात, माईंना वाटलं तुमचे मिस्टर गेले. बार्बरानं काळा चष्मा काढला. "शी थॉट ही वॉज डेड? अँड शी कुक्ड?" आणि ती हसायला लागली. तिला दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

नोटिशी बंद झाल्या नाहीत, नियम म्हणजे नियम. फक्त आता बार्बरा त्या स्वतः घेऊन यायची. माई "सिट" म्हणायच्या, कागद पोळपाटाखाली सरकवायच्या आणि तिला लसूण सोलायला बसवायच्या. तासाभरानं ती उठली की "व्हाय गो?"

ही गोष्ट मी नंतर वर्षभर प्रत्येक पार्टीत सांगितली, माईंच्या आवाजात, हावभावांसकट. लोक हसून लोळायचे. त्यामुळे पुढच्या वर्षी कोपऱ्यावरच्या वॉल्टरनं सेल मांडला आणि माई डबा भरायला लागल्या, तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं.

"माई, तो सेल आहे. गेल्या वर्षीची शोभा पुरे झाली."

"बायकांचेच कपडे आहेत गं सगळे."

"असतील. जुने झाले असतील."

"टोप्या आहेत. स्वेटर आहेत. शिवणयंत्र आहे. आणि तो कोणाला भाव सांगत नाहीये. बघ तरी."

मी सकाळीच बघून आले होते. तिथून एक टेबललॅम्प घासाघीस करून आणलाही होता. माई गेल्या. तासाभरानं रिकाम्या हातानं परत आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. "बायको गेली त्याची," म्हणाल्या. "थंडीतच गेली." आम्ही रोज त्या घरावरून गाडी नेत होतो. नाताळच्या दिव्यांची माळ जरा जास्त दिवस राहिली आहे, एवढंच आमच्या लक्षात आलं होतं, आणि त्याबद्दल बार्बरानं त्याला नोटीस पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता वॉल्टर आपली खुर्ची घेऊन गराजमध्ये आला. मग रोजच. तो इंग्रजीत बायकोबद्दल सांगायचा, माई मराठीत कराडच्या एका भाडेकरूबद्दल, ज्यानं न्हाणीघर बळकावलं होतं. दोघांनाही एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं आणि दोघंही मान डोलवत असायची. इतका समाधानी संवाद मी आमच्या घरात पाहिलेला नाही.

अशाच एका ऑक्टोबरच्या दुपारी, वॉल्टर डॉक्टरकडे गेलेला, मी पुन्हा त्यांना चिडवत होते. किती झाली तुमची भरती, झाली का चार? त्यावर माई एकदम वेगळ्याच आवाजात बोलल्या.

"आमचे हे गेले त्या आठवड्यात इथनं विमानं बंद होती. दोन हजार एकचा सप्टेंबर. श्री बॅग घेऊन विमानतळावर बसून. पोराला कोणी विमान देईना. तिकडे मी आणि हे. दिवस कलायला लागला. मग आमच्या आळीतली माणसं उठली. त्यात एकजण असा, की नळाच्या पाण्यावरनं त्याचं नि ह्यांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. तो आला आणि पुढचा खांदा त्यानंच धरला."

मी त्यांच्या ताटातलं निवडायला घेतलं.

"श्री पोचला आठवड्यानं. दारात उभा राहिला आणि म्हणाला, आई, मी एकटा पडलो गं. विधवा मी झाले आणि एकटा हा पडला! मला आधी रागच आला. मग वाटलं, खोटं काय बोलला? माझ्याभोवती अख्खी आळी होती. त्याच्याभोवती कोण होतं?" त्यांनी ताट खाली ठेवलं. "ऊठ आता. तुझा कुकर शिट्ट्या मारतोय, इथवर ऐकू येतंय. ठाण्याची माणसं डाळ जाळतात."

माई गेल्या २००९च्या फेब्रुवारीत. छातीत कफ झाला, हॉस्पिटलात नेलं, तिथे नर्सला "यू ईट?" विचारून झालं आणि दोन-तीन दिवसांत आटोपलं. वय ऐंशीच्या पुढचं. भरल्या ताटावरून उठावं तशा गेल्या. मला त्यांचा राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

कामाचा दिवस, बाहेर गुडघाभर बर्फ. मी बॉसकडे रजा मागितली. कोण गेलं? मी म्हटलं, शेजारीण. तो म्हणाला, नातेवाइकांसाठी रजा आहे, शेजारणीसाठी नाही. तासभर भांडले, आवाज चढवला, शेवटी अर्धा दिवस घेतला आणि फ्युनरल होममध्ये उशिरा पोचले. हॉलमध्ये श्रीधर एकटा बसला होता. देवळातले गुरुजी पोथी उघडून बसले होते. नितीन कुठेतरी पार्किंग शोधत होता. मंडळाच्या ई-मेली आल्या होत्या, सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं आणि सगळे वीकेंडला नक्की येणार होते.

"चार पण होणार नाहीत गं," श्रीधर म्हणाला. "काय सांगू मी तिला?"

तेवढ्यात तिथला काळ्या सुटातला माणूस अदबीनं आला. गाड्यावरून न्यायचं, की तुम्ही लोक उचलणार? श्रीधर घाईघाईनं म्हणाला, "नो व्हील्स. वुई विल कॅरी." छान, तो म्हणाला, मग सहाजण लागतील. पेटीला तीन कड्या या बाजूला, तीन त्या बाजूला.

सहा! बिचाऱ्या माई सात वर्षं चारचा हिशोब करत बसल्या. अमेरिकेत येऊन भाव दीडपट झाला होता हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. श्रीधरनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

दार उघडलं आणि बर्फ झटकत वॉल्टर आत आला, टाय लावून. त्याच्या मागे डॅरेल, पोस्टाच्या गणवेशातच. मग नितीन. आणि शेवटी उंच टाचांचे बूट खाडखाड वाजवत बार्बरा. सुटातल्या माणसानं विचारलं, तुम्ही फॅमिली का? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बार्बरा म्हणाली, "नो. फ्रॉम द गराज."

वॉल्टर श्रीधरपाशी जाऊन बसला. त्यानं हळूच सांगितलं, की तुझ्या आईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. शेवटी शेवटी ती पाचवं वाक्य शिकली होती. "माय श्री, नो ब्रदर. यू कम." हात हातात घेऊन, 'प्रॉमिस' म्हणेपर्यंत सोडायची नाही. डॅरेल म्हणाला, मलाही. बार्बरा म्हणाली, मला तर दोनदा, नोटीस द्यायला गेले तेव्हा. समोरच्या घरातून सात वर्षं मला वाटत होतं, बाई स्वतःसाठी माणसं गोळा करते आहे. ती मुलासाठी आळी वसवत होती. श्रीधर वॉल्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

आम्ही उचललं. सहावी मी. बार्बरानं कडी धरली तेव्हा गुरुजी मंत्र म्हणता म्हणता अडखळले, मग मलाही पाहिलं आणि पुढे चालू झाले. डॅरेलची बाजू वर, वॉल्टरची खाली, नितीन खरंच कोपऱ्यावर. पेटी चांगलीच डावीकडे कलली होती. बर्फातून, पायऱ्या उतरून, पण चाकांवरून नाही.

परत येताना गाडीत मी नितीनला विचारलं, "तुलाही सांगितलं होतं त्यांनी?"

"हो. दिवाळीत."

म्हणजे पोस्टमनला सांगितलं, असोसिएशनच्या बाईला सांगितलं, पाठदुखीवाल्याला सांगितलं. आणि सात वर्षं समोर राहून रोज तोंडाला तोंड देणारी मी, मला एका शब्दानं नाही. मला भयंकर लागलं ते. मी रडत होते आणि माईंना मोठमोठ्यानं नावं ठेवत होते. मागच्या सीटवर श्रीधर होता.

"तुझ्याबद्दल मी विचारलं होतं आईला," तो म्हणाला. "ती म्हणाली, ठाणेकरणीला काय सांगायचं? ती येईलच. भांडून येईल, पण येईल."